घरी सीएनसी बनवायचंय? फ्रेम राहू दे, आधी एक मोटर फिरवा

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, बनवायचं डोक्यात आलं की सगळे आधी फ्रेमच्या मागे लागतात. मी पण लागलो होतो, तीन महिने एमडीएफ कापून, भोकं पाडून घराचा कारखाना केला आणि शेवटी मोटर जोडली तर ती जागच्या जागी नुसती थरथरली. म्हणून सांगतो, आधी एकच मोटर टेबलावर ठेवून फिरवा, बाकीचं नंतर.

त्यासाठी लागतं काय तर अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यावर बसणारं सीएनसी शील्ड (ड्रायव्हर आणि मोटर जोडायचा बोर्ड), ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा), नेमा १७ मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर), १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि टी८ लीड स्क्रू (आट्यांचा दांडा, फिरला की नट सरकतो) पितळी नटसकट. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. ड्रायव्हर मात्र दोन जास्तीचे घ्याच. उनोमध्ये जीआरबीएल टाकायचं (मोटर चालवणारा प्रोग्रॅम), ते फुकट आहे, आणि लॅपटॉपवर युनिव्हर्सल जीकोड सेंडर (मशीनला हुकूम पाठवणारं सॉफ्टवेअर), बॉड रेट म्हणजे बोलण्याचा वेग ११५२००. एवढ्यावर मशीनशी बोलता येतं.

ड्रायव्हरवर एक बारका फिरवायचा स्क्रू असतो, त्याने मोटरचा करंट सेट होतो. चिपशेजारच्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर मल्टिमीटरवर ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर. हे न करता चालू केलं तर मोटर स्टेप खाते किंवा ड्रायव्हर तव्यासारखा तापतो. आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीच काढायची नाही, कधीच म्हणजे कधीच, मी "उलटी फिरते का बघू" म्हणून चालू मशीनचा कनेक्टर उपटला होता, टक् असा आवाज, जळका वास, ड्रायव्हर खलास. जास्तीचे दोन का म्हटलं ते कळलं ना?

आता हिशोब, घाबरू नका, पाचवीतला आहे. मोटर एका स्टेपला १.८ अंश फिरते, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप. ड्रायव्हरखालचे तिन्ही जंपर (दोन पिना जोडणाऱ्या बारक्या टोप्या) लावले की एका स्टेपचे १६ तुकडे, म्हणजे ३२००. आपला स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी पुढे नेतो (टी८ मध्ये २ मिमीवालेही येतात, विचारून घ्या), तर ३२०० भागिले ८, म्हणजे ४०० स्टेप प्रति मिमी. हा आकडा जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये टाकायचा, एक्ससाठी (डावी-उजवी) डॉलर १००, वायसाठी (पुढे-मागे) डॉलर १०१, झेडसाठी (वर-खाली) डॉलर १०२. मग १०० मिमी जा म्हणायचं आणि पट्टीने मोजायचं. बरोबर ५० च गेलं तर बहुतेक दुकानदाराने ए४९८८ ऐवजी डीआरव्ही८८२५ दिलाय, त्यात तेच तीन जंपर ३२ तुकडे करतात, आकडा ८०० करा. हा ड्रायव्हर बसवताना स्क्रूची बाजू बघून बसवू नका, दोघांचा स्क्रू वेगवेगळ्या टोकाला असतो, पिनांची नावं जुळवा नाहीतर परत जळका वास.

मोटर सांगितलं तेवढीच सरकायला लागली की मग फ्रेम. १८ मिमी एमडीएफ आणि ड्रॉवरचे चॅनल शिकायला चालतात, लाकूड कापेल, ॲल्युमिनियमची स्वप्नं नकोत. काटकोन नुसता गुण्या लावून बघू नका, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले पाहिजेत. नटमध्ये खेळ असेल तर गोल कापलेलं अंड्यासारखं दिसतं, तिथे स्प्रिंगवाला नट लावा.

प्रोग्रॅम पहिल्यांदा हाताने लिहा, फ्रीकॅड वगैरे डिझाइनची सॉफ्टवेअर नंतर. ४० मिमीचा चौकोन, १ मिमी खोल (मशीनला अक्षरं-आकडे इंग्रजीतच द्यायचे, इथे समजायला असे लिहिलेत):

जी२१ जी९०
जी० झेड५
जी० एक्स० वाय०
जी१ झेड-१ एफ१००
जी१ एक्स४० एफ४००
जी१ वाय४०
जी१ एक्स०
जी१ वाय०
जी० झेड५

पहिली ओळ म्हणजे मिमीत बोल आणि मोजमाप शून्यापासून धर. जी० म्हणजे हवेतून पळ, जी१ म्हणजे कापत जा, एफ म्हणजे मिनिटाला किती मिमी. झेडचं शून्य घ्यायला बिटखाली (कापणाऱ्या पात्याखाली) कागद धरून ०.१ ने खाली आणा, कागद अडकला की तिथे शून्य. पण पहिला राउंड शून्य २० मिमी वर धरून हवेतच फिरवा. गॉगल लावा, हातमोजे नको, स्पिंडलमध्ये, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरमध्ये, अडकतात, आणि एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क हवाच.

आता समजा असाच आरपार कापला. व्हर्निअर लावला तर तुकडा ३६.८ भरेल आणि तुम्ही सेटिंग बदलायला धावाल. थांबा, एक सुताचा बिट आहे ना, म्हणजे ३.१७५ मिमी, तो रेषेच्या मधोमध चालतो आणि दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा खातो. जीआरबीएल हे आपणहून सांभाळत नाही, म्हणून एक्स आणि वायमध्ये ० च्या जागी -१.५९ आणि ४० च्या जागी ४१.५९ लिहा. त्यानंतरही एक बाजू ४० आणि दुसरी ३९.७ आली तर स्टेपच्या आकड्याला हात लावू नका, आधी त्या बाजूच्या कपलिंगचा (मोटर आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) बारका ग्रब स्क्रू आवळून बघा, माझा दोनदा तोच ढिला निघाला.