भाजीपाल्याला मिश्र खताचे पाणी देताना या चुका टाळा

जमिनीत टाकण्यासाठी असलेले दाणेदार मिश्र खत पाण्यात विरघळवून भाजीपाल्याला देता येते; मात्र विरघळलेले खत मुळांना तत्काळ भिडत असल्याने प्रमाणातली चूक फार लवकर आणि तीव्रतेने दिसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अंदाजाने चमचा भरून खत टाकणे. कुंडीतल्या भाज्यांना नियमित देण्याच्या पाण्यात लिटरमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम नत्र (नायट्रोजन) पुरेसे असते. पिशवीवरचा पहिला आकडा नत्राची टक्केवारी सांगतो; त्यामुळे १०:१०:१० खताच्या १ ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम, तर १९:१९:१९ खताच्या १ ग्रॅममध्ये १९० मिलिग्रॅम नत्र मिळते. चहाच्या सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम खत मावते. १९:१९:१९ खताचा असा एक चमचा लिटरभर पाण्यात टाकला, तर नत्र ९५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. क्षार इतके वाढल्यावर मुळांना पाणी शोषणे अवघड होते, आणि माती ओली असूनही झाड माना टाकते, पानांच्या कडा करपतात. हे पाहून झाड उपाशी आहे असे समजून पुन्हा खत दिले जाते, आणि नुकसान खऱ्या अर्थाने तिथेच होते. म्हणून लहान वजनकाटा वापरावा, आणि कोवळ्या रोपांना निम्म्याहून कमी मात्रा द्यावी.

तळाशी गाळ राहिला म्हणजे खत खराब निघाले, असे नाही. सुपर फॉस्फेट असलेल्या खतातील जिप्सम पाण्यात अत्यल्प विरघळतो. कोमट पाण्यात खत रात्रभर भिजवून, ढवळून, वरची निवळी गाळून घ्यावी. नाहीतर झारीची छिद्रे बुजतात. गाळ मोकळ्या वाफ्यातील मातीत मिसळावा. संथपणे झिरपण्यासाठी आवरण दिलेले दाणे मात्र कुटून विरघळवू नयेत, कारण आवरण फुटल्यावर सगळे खत एकदम मोकळे होते. स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेल्या) खताच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेटही मिसळू नये. दोन्हींचा साका तळाशी बसतो.

कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही ओतू नये. आधी साधे पाणी देऊन वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, भर उन्हाची वेळ टाळून, खोडापासून थोड्या अंतरावर ते द्यावे. पानांवर उडालेले थेंब साध्या पाण्याने धुऊन टाकावेत. पालेभाज्यांच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी.

टोमॅटो हिरवागार वाढतो पण फुलत नाही, तेव्हा बहुतेकदा नत्र जास्त झालेले असते. फुले येऊ लागल्यावर पालाशाचे (पोटॅशियमचे) प्रमाण अधिक असलेले खत निवडणे मला योग्य वाटते, परंतु तेही बेताने. कारण अमोनियम आणि पालाश अति झाल्यास कॅल्शियमचे शोषण घटते आणि फळाचा तळ काळा पडू शकतो. अनियमित पाण्यामुळेही हेच होते, म्हणून आधी पाण्याच्या पाळ्या तपासाव्यात.

मातीवर पांढरा थर दिसला किंवा पानांची टोके करपू लागली, तर खत थांबवावे. थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून ते तळाच्या छिद्रातून पूर्ण निथळू द्यावे. खालच्या ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. करपलेली पाने पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे नव्या फुटीकडे लक्ष ठेवावे. ती निरोगी निघाली की पूर्वीच्या निम्म्या मात्रेने खत पुन्हा सुरू करावे.