कोकणात पीएच.डी.साठी येताय? कोर्सवर्कचं वर्ष असं लावा

परभणीकडची मी. इतिहासात पीएच.डी. करायला आणि नोकरीला म्हणून रत्नागिरीत आले आणि इथलीच झाले. आता घाटावरून नव्याने येणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कोर्सवर्क किती दिवसांत उरकतं?" प्रश्नामागची घाई मला समजते. खोलीचं भाडं, खानावळ, घरची काळजी हे सगळं डोक्यावर असतं. तरी माझं ठाम मत आहे की बाहेरून आलेल्या माणसाने कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीला पुरा करावा लागणारा अभ्यासक्रम, उरकू नये. मानव्यविद्येत आपल्याला माणसं, कागद आणि बोली यांच्यावरच काम करायचं असतं, आणि कोकणात या तिन्ही गोष्टी नवख्याला लगेच हाती लागत नाहीत. त्यांची ओळख करून घ्यायला वेळ देणारं वर्ष हेच.

आधी नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियम सध्याचा पाया आहेत. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं). त्यात संशोधन पद्धती हा विषय असतोच, आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय सक्तीचा. कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण किंवा तेवढी श्रेणी मिळवावी लागते, नाहीतर पुढे जाता येत नाही. संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आपण ज्याला आरएसी म्हणतो ती, मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमही यात धरायची शिफारस करू शकते. एकूण मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुढे २ वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षं. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण मूल झाल्यावर नोंदणी सोडून दिलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या कुणालाही ही तरतूद कोणी सांगितलेली नव्हती.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे. तरी तुमच्या विषयाचे वर्ग रत्नागिरीत भरणार, मुंबईत विद्यापीठाच्या कलिना संकुलात की ऑनलाइन, हे खोलीचं डिपॉझिट देण्याआधी संशोधन केंद्रात विचारून घ्या. कलिन्याला जावं लागणार असेल तर रेल्वे स्टेशनकडे सोयीची जागा बघा, समुद्र दिसणारी नको. नोकरी करून अर्धवेळ करणार असाल तर संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. इथल्या कॉलेजांत शिकवणारे बरेच जण याच वाटेने जातात. गाईड निवडताना निवृत्तीची तारीख विचारायला लाजू नका: निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ अशी मर्यादा आहे. इकडे मान्यताप्राप्त गाईड मोजकेच, त्यामुळे जागा लवकर भरतात.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते. संशोधन पद्धतीच्या वर्गात गृहीतक, नमुना निवड, संदर्भ देण्याच्या रीती हे सगळं शिकवतील. जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकवतील असं नाही. आणि कोकणच्या इतिहासावर, जमिनीवर, जातींवर, देवस्थानांवर एकोणिसाव्या शतकात किंवा त्याआधी जाणारं काम करायचं तर मोडीशिवाय गाडं हलत नाही. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि ते बहुतेक मोडीत आहे. खेड्यापाड्यांतल्या घरांत ट्रंकेत ठेवलेले खोतीचे (खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार), देवळाच्या मानपानाचे कागदही मोडीतच. म्हणून पहिल्या वर्षीच मोडीच्या वर्गाला नाव घाला, आणि पहिल्याच आरएसीत विचारा की हे शिक्षण नोंदीत धरता येईल का. श्रेयांक मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी शिका. छापील अक्षरं ओळखू आली म्हणजे वाचता आलं असं समजू नका. लेखनिक बदलला की वळण बदलतं, म्हणून एकाच दफ्तराचे कागद रोज थोडे थोडे वाचत राहा.

बोलीचंही तसंच. मालवणी, संगमेश्वरी, किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांची बोली: मुलाखत ध्वनिमुद्रित केली तरी ती उतरवून काढताना कान तयार नसेल तर अर्धी निसटते. एसटीने फिरा. बाजारात उभे राहा. घाटावरचे म्हणून तुमच्याशी लोक सुरुवातीला पुस्तकी मराठीत बोलतील. आपापसात बोलतात तसं तुमच्यासमोर बोलू लागले की मुलाखती सुरू करा, त्याआधी नको.

कामाचं वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे लावावं लागतं. जुलैत भातलावणी, तेव्हा शेतकऱ्याच्या दारात प्रश्नावली घेऊन जाऊ नये. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मच्छीमार समाजावर काम करणाऱ्यांना बोलायला हाच निवांत काळ, कारण होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी विणत बसलेली सापडतात. दशावतारावर लिहिणार असाल तर दिवाळीनंतर सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. प्रयोग रात्रभर चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं लेक्चर घेऊ नका. शिमग्यात पालखी गावात असताना एकट्याने बसून सविस्तर मुलाखत द्यायला कोणी रिकामं नसतं, पण लोकपरंपरेचा अभ्यास असेल तर हजर राहायलाच हवं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि एका घरातल्या तीन पिढ्या एकत्र भेटतात. कुटुंबाचा इतिहास विचारायचा तर तेव्हा. मात्र महिना संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं निघतात, लोक घाईत असतात. कोर्सवर्कच्या परीक्षा आणि आरएसीचं सहामाही सादरीकरण या तारखांशी हे सगळं पहिल्याच महिन्यात जुळवून पाहा.

नैतिकतेच्या विषयाकडे फार जण पास होण्यापुरतं बघतात. त्यातली उदाहरणं पुष्कळदा प्रयोगशाळेतली असतात, म्हणून आपल्याला लागू नाहीत असं वाटतं. इथे काम करताना मला याच विषयाची सगळ्यात जास्त गरज पडली. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, पण जमिनींच्या वाटण्या आणि सामायिक सातबारे यांचे वाद घराघरांत आजही चालू आहेत. एखाद्या घरच्या आजोबांनी विश्वासाने ट्रंक उघडली तर त्या कागदात त्यांच्या चुलतभावाच्या हक्काची नोंद असू शकते. तुम्ही मोबाईलवर फोटो काढला, मित्राला पाठवला, तो गावात फिरला, की त्या घराचं नुकसान झालं आणि पुढच्या दहा संशोधकांची दारं बंद झाली. लेखी संमती घ्या. ती मराठीत असू दे, वाचून दाखवा, आणि काय छापणार, काय नाही हे त्यांच्यासमोर लिहा. जातीचे, बहिष्काराचे अनुभव सांगणाऱ्यांची नावं बदलायची का, हे त्यांनाच विचारा. काहींना नाव झाकलेलं हवं असतं, काहींना आपलं नाव छापून यावं असं तितक्याच तीव्रतेने वाटतं. कोर्सवर्कमध्ये निबंध लिहायला सांगितला तर यावरच लिहा. तो पुढे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात उपयोगी पडेल.

अध्यापनाचं प्रशिक्षणही २०२२ च्या विनियमांत सर्व विषयांना लागू आहे. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, उत्तरपत्रिका तपासणं अशी कामं देता येतात. प्रथम वर्ष बी.ए.चा वर्ग मागून घ्या. राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या वाड्यांतून येणारी ही मुलं तुम्हाला जितकं शिकवतील तितकं कुठल्या संदर्भग्रंथात नाही. फक्त तुमच्या संशोधनासाठीच्या मुलाखती त्यांच्याकडून फुकट गोळा करून घेऊ नका. घेतल्यात तर प्रबंधात त्यांच्या कामाची नोंद करा. आणि घेतलेल्या तासांचं पत्र विभागाकडून सहीशिक्क्यानिशी दर सत्राला घ्या.

वाचनालयांच्या बाबतीत कोकण श्रीमंत आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. ग्रंथपालांशी ओळख करा, वर्गणी भरा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या वाचनालयाचं फार मोठं नुकसान झालं, हे लक्षात ठेवून जे दुर्मीळ सापडेल त्याची परवानगीने प्रत करा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. पावसाळ्यात खोलीतली पुस्तकं भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. अभिलेखागारांसाठी मुंबई, पुणे आहेतच. आंबा घाटातून कोल्हापूरही जवळ आहे.

लेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली टिपणं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाहीत, आणि शेवटी सगळा मजकूर बदलताना जोडाक्षरं तुटतात. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत, म्हणून टिपण काढतानाच पान क्रमांक लिहा. विषय ठरवण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात कोकणावरचे प्रबंध चाळा. पहिल्या आरएसीला जाताना तीन गोष्टी लेखी न्या: कोर्सवर्कमध्ये काय घेणार, मोडी किंवा बोलीसाठी काय करणार, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या गावात असणार. समितीने त्यात बदल सुचवले तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागून आणा.