मुलांचं इंद्रधनुष्य मळकट का होतं? या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जून संपता संपता उघडतात आणि पहिल्या पावसासोबतच दप्तरांतून इंद्रधनुष्याची चित्रं घरी यायला लागतात. बरीचशी सारखीच असतात. पिवळ्या पट्ट्यावर हिरवट डाग, जांभळ्याच्या जागी तपकिरी, कागद मधेच फुगलेला. "पाहा ना आई, पिवळा कायचा, हिरवाच झाला!" असं म्हणणाऱ्या पोराला आपण चटकन ऐकवतो की घाई केलीस, लक्ष नव्हतं तुझं. मुलांसोबत रंग घेऊन बसताना मला मात्र वारंवार दिसतं, की इंद्रधनुष्य बिघडतं ते सामानामुळे आणि क्रमामुळे. आणि सामान आणणारे, क्रम सांगणारे आपण मोठेच असतो. त्यामुळे खालच्या चुका मुलांच्या नाहीत, आपल्या आहेत.

प्रिंट घरची, रंग पाण्याचे

घरच्या इंकजेट प्रिंटरवर चित्र काढलं आणि मुलाच्या हाती वॉटर कलर दिले, तर ब्रश लागताच काळ्या रेघा विरघळू शकतात. बऱ्याच घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात सुटते, आणि पिवळ्यात थोडी काळी शाई मिसळली की तो हिरवट दिसतो. पोराच्या तक्रारीतला हिरवा पुष्कळदा इथूनच आलेला असतो. उपाय सोपा आहे. घरच्या प्रिंटची कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सवर रंगवायला द्या. झेरॉक्सची पावडर उष्णतेने कागदावर चिकटवलेली असते, ती पाण्याने हलत नाही.

दुसरी अडचण कागदाच्या जाडीची. झेरॉक्सचा साधा कागद ७०-७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७०-७५ ग्रॅम वजनाचा असतो. त्याला ओला रंग सोसत नाही. तो फुगतो, खळगे पडतात, रंग खळग्यांत साचतो आणि मूल तिथेच पुन्हा पुन्हा ब्रश घासतं. मग कागदाची लव निघते. पाण्याचे किंवा पोस्टर रंग वापरायचे असतील तर कार्ट्रिज शीट, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या, १५० जीएसएमच्या आसपासचा. नागपुरात बर्डीवर किंवा महालात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. जाड कागद मशीनमध्ये जातो का, हे झेरॉक्सवाल्याला आधी विचारून घ्या. नसेल जात, तर खिडकीच्या काचेवर प्रिंट धरून तिच्यावर कार्ट्रिज ठेवा आणि पेन्सिलीने कमानी उतरवून घ्या. पातळच कागद हाताशी असेल तर त्या दिवशी खडू काढा, ब्रश नको.

तीन वर्षांच्या मुलाला सात पट्टे

ए-फोर कागद आडवा धरला, बाहेरची कमान १३ सेंटिमीटर त्रिज्येची आणि आतली ६ ची काढली, तर सात पट्ट्यांतल्या प्रत्येकाला एकच सेंटिमीटर मिळतो. जाड मेणखडूचं टोकच जवळपास तेवढं असतं. लहान मूल मनगटाने नव्हे, अख्ख्या खांद्याने रेघ ओढतं. त्याच्याकडून एक सेंटिमीटरच्या वळणात राहण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीन किंवा चार रुंद पट्ट्यांचं चित्र द्या. सात रंग पुढे कधीतरी येतील.

आणि सहाच रंग झाले म्हणून रागावू नका. आकाशातल्या इंद्रधनुष्याला मधे रेघा नसतात, एक रंग दुसऱ्यात सरकत जातो. सात हा आकडा न्यूटनने ठरवला, तोही संगीतातल्या सात सुरांशी मेळ घालत. शाळेत "तानापिहिनिपाजा" पाठ करून घेतात ते चांगलंच आहे, क्रम लक्षात राहतो. पण बारा रंगांच्या पेटीत पारवा शोधून मूल रडकुंडीला येतं, ते टाळता येतं. "नि"ला फिकट निळा, "पा"ला गडद निळा, असं आधीच सांगून ठेवा.

तांबड्यापासून सुरुवात

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, कारण पाठच तसं असतं. तांबडा सगळ्यात आधी म्हणून तांबडा आधी रंगवला, मग नारिंगी, मग पिवळा. ऑइल पेस्टल असेल तर तांबड्याचा भुगा कागदावर सुटलेला असतोच. पिवळा खडू त्यावरून गेला की भुगा ओढून आणतो आणि पिवळ्यात लाल धागे दिसायला लागतात. खडूचं टोकही घाण होतं, मग पुढचं प्रत्येक चित्र बिघडतं.

सुरुवात पिवळ्यापासून करायची. मग नारिंगी, मग फिकट निळा, हिरवा, तांबडा, आणि गडद निळा व जांभळा शेवटी. फिकटाकडून गडदाकडे. प्रत्येक रंगानंतर जुन्या सुती कापडाने खडूचं टोक पुसायचं आणि कागदावरचा भुगा फुंकून टाकायचा, हाताने झटकायचा नाही. हाताने झटकला की तो कागदातच रगडला जातो. मुलाच्या तळहाताखाली एक कोरा कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर करंगळीच्या बाजूला लागलेला निळा सगळीकडे उमटतो.

उन्हाळ्यात खडूंचाही विचार करावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलेले मेणखडू मऊ पडतात आणि हातात वाकतात. पेटी घरात, माठाच्या बाजूच्या फडताळात ठेवली तरी पुरे.

ओल्याला ओला लावणं

पोस्टर रंगाचा एक पट्टा ओला असताना शेजारचा लावला की दोघे एकमेकांत शिरतात. मेमध्ये आपल्याकडे हे फारसं जाणवत नाही, रंग ब्रशवरच सुकायला बघतो. जुलैत मात्र पंख्याखालीही पट्टा ओलाच राहतो. मुलाला "थांब, सुकू दे" सांगून उपयोग नाही, ते थांबत नाही आणि त्याने थांबावं असं मला वाटतही नाही. त्यापेक्षा एक आड एक रंगवायला लावा. आधी तांबडा, पिवळा, निळा, जांभळा. शेजारी शेजारी ओलं काही येतच नाही. तेवढ्यात ढग रंगवून होतात, मग उरलेले नारिंगी, हिरवा आणि पारवा. या एका युक्तीने चित्र जेवढं सुधारतं तेवढं महागड्या रंगांनीही सुधारत नाही.

पाण्याच्या वाट्या दोन ठेवा. एकीत ब्रश धुवायचा, दुसरीत फक्त खंगाळायचा. एकाच गढूळ वाटीतून निघालेला पिवळा कधीच पिवळा दिसत नाही.

आता जांभळ्याबद्दल. लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो हे पुस्तकात असतं, पण मूल ते करून बघतं आणि तपकिरी चिखल तयार होतो. कारण पेटीतला लाल बहुधा शेंदरी झाकेचा असतो, म्हणजे त्यात पिवळा आधीच आहे. लाल, पिवळा आणि निळा तिन्ही एकत्र आले की तपकिरीच होणार. जांभळ्यासाठी गर्द गुलाबी किंवा क्रिमसन घ्या, आणि निळा त्यात थेंबाथेंबाने घाला. नारिंगीला उलट तोच शेंदरी लाल उत्तम चालतो. फक्त पिवळ्यात लाल घालायचा, लालमध्ये पिवळा नव्हे. गडद रंग फिकटाला लगेच गिळतो, म्हणून उलट केलं तर अर्धी पिवळी बाटली संपते तरी रंग लालच राहतो. थंडीत घरात संत्री असतातच. एक मुलासमोर ठेवा आणि "याच्या सालीसारखा रंग करून दाखव" म्हणा. मुलं मग किती बारकाईने बघतात, ते पाहण्यासारखं असतं.

कागदी कमान जी उभीच राहत नाही

रंगीत पट्ट्यांची उभी कमान मुलांना फार आवडते. ती फसते दोन कारणांनी. एक, पतंगी किंवा घोटीव कागद वापरला जातो. तो पातळ असतो, दमट हवेत तासाभरात मान टाकतो. कार्डशीट घ्या. दोन, सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापल्या जातात. सारख्या लांबीच्या सात कमानी एकीच्या आत एक बसणार कशा?

हिशेब असा. कमानीची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले ३.१४. दोन कमानींत एक सेंटिमीटर अंतर हवं तर प्रत्येक आतली पट्टी साधारण तीन सेंटिमीटरने लहान हवी. ए-फोरची लांबी २९.७ सेंटिमीटर, म्हणून पट्ट्या अशा कापा: तांबडी २९, नारिंगी २६, पिवळी २३, हिरवी २०, निळी १७, पारवी १४, जांभळी ११. रुंदी दोन सेंटिमीटर. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं एक-एक सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला दुमडा, ते तिचे पाय. पुठ्ठ्यावर आधी जांभळी चिकटवा आणि मग बाहेर बाहेर जा. तांबडीपासून सुरुवात केली तर आतल्या पट्ट्या लावायला बोटंच शिरत नाहीत.

ढगांसाठी कापूस लावताना फेविकॉल कापसाला लावू नका. कापूस तो पिऊन घेतो, गोळा होतो आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला राहतो. पुठ्ठ्यावर पातळ थर द्या, कापूस पिंजून वरून हलकेच ठेवा. चंदेरी मुलाम्याच्या कागदी प्लेटवर इंद्रधनुष्य करत असाल तर मागची साधी बाजू वापरा, चमकदार बाजूवरून रंग पापुद्र्यासारखा निघतो.

घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर मसूर, मूग, मणी चिकटवण्याचे प्रकार त्याच्या हाताला लागतील असे करू नका. दाणे थेट नाकात किंवा तोंडात जातात.

पाणी चढतच नाही

ग्लासांतून "चालणाऱ्या पाण्याचा" प्रयोग: लाल, रिकामा, पिवळा, रिकामा, निळा, रिकामा, आणि पुन्हा लाल, असे सात ग्लास, मधे टिश्यूच्या घड्या, ज्यांतून पाणी चढून रिकाम्या ग्लासांत रंग मिसळतात. फसण्याचं कारण बहुतेकदा एकच, ग्लास अर्धेच भरलेले असतात आणि टिश्यूची कमान उंच असते. पाणी काठोकाठ भरा, घडी ग्लासाच्या कडेला टेकूनच वळवा. लगेच काही दिसेल असं मुलाला सांगू नका. दुपारच्या झोपेआधी मांडा, उठल्यावर बघू द्या. उन्हाळ्यात खिडकीत मांडलं तर टिश्यू वरच्या वर सुकतो, आतल्या खोलीत मांडा.

टीपकागदावर काळ्या स्केचपेनाचा ठिपका देऊन त्यातून रंग सुटताना दाखवायचे असतील, तर परमनंट मार्कर चालणार नाही. तो पाण्यात सुटतच नाही.

खरं इंद्रधनुष्य न दाखवणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. मुलं इंद्रधनुष्याची इतकी चित्रं रंगवतात, पण खरं कुठे बघायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. छापील चित्रांत सूर्य कमानीच्या टोकाला हसत बसलेला असतो. प्रत्यक्षात सूर्य पाठीमागे असेल तरच कमान समोर दिसते. चार वर्षांच्या मुलाचा सूर्य राहू द्या तिथेच. तिसरी-चौथीच्या मुलाला मात्र सांगा आणि बाहेर न्या.

सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर पावसातली कमान आकाशात दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे जुलैत साधारण सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर. संध्याकाळी पूर्वेला बघायचं, नागपुरात पारडी-कळमन्याच्या बाजूला. सकाळी पश्चिमेला, वाडीच्या दिशेने. फुटाळा तलावावर मावळता सूर्य बघत उभ्या असलेल्या गर्दीच्या पाठीमागे कमान असू शकते आणि कुणी वळून बघत नाही.

पाऊस नसेल तर अंगणात नळीने फवारा उडवा. सूर्याकडे पाठ करा, आपल्या डोक्याची सावली शोधा, हात ताठ करून सावलीपासून दोन विती मोजा. वीत हात ताठ असताना साधारण वीस अंश भरते, तिथेच रंग दिसतात. तांबडा बाहेर, जांभळा आत. कधी वर दुसरी फिकट कमान दिसली तर तिच्यात हा क्रम उलटा असतो. मुलांना ते स्वतः शोधू द्या, सांगून टाकू नका.

तान्ह्या पोळ्याचा नंदी

शेवटचं तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाबद्दल. पुष्कळ मुलं लाकडी नंदीच्या पाठीवर इंद्रधनुष्याची झूल रंगवायला बसतात आणि रंग दुसऱ्या दिवशी सुटतो. गुळगुळीत पॉलिशवर पोस्टर रंग धरत नाही. आधी बारीक पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक हात द्या. पांढऱ्यावर पिवळा उठून दिसतो, लाकडावर तो मातकट होतो. झूल रंगवून झाली की निदान एक रात्र सुकू द्या. वार्निश मोठ्यांनी, मोकळ्या हवेत, अगदी शेवटी लावायचं. रंग आतून ओला असताना वार्निशचा ब्रश फिरला तर सातही पट्टे एकमेकांत ओढले जातात.