अ‍ॅपचा ग्राहक सर्व्हे: प्रश्न लिहिण्यापासून आकडे वाचण्यापर्यंत

सर्व्हेचा फॉर्म उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘या उत्तरांवरून आम्ही अमुक ठरवणार.’ समजा, दुकानदारांसाठी बिलिंगचं अ‍ॅप आहे आणि पुढचे तीन महिने उधारीच्या वहीवर घालवायचे की स्टॉकच्या नोंदीवर, हे ठरवायचं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी तुमचा बेत बदलणार नाही, तो काढून टाका. सात-आठ प्रश्न उरले की पुरे.

मग आठ-दहा ग्राहकांना फोन करा आणि ते कोणते शब्द वापरतात ते टिपून ठेवा. दुकानदार ‘उधारी’ म्हणत असेल तर प्रश्नात ‘क्रेडिट व्यवस्थापन’ नको.

खरी मेहनत प्रश्नाच्या शब्दांवर घ्यायची. ‘उधारीची सोय दिली तर वापराल का?’ असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा: ‘गेल्या ७ दिवसांत किती जणांना उधार माल दिलात? ती नोंद कुठे ठेवलीत?’ वही, मोबाइल, नुसतं लक्षात, असे पर्याय द्या, शिवाय ‘उधार देत नाही’ हाही. ‘अ‍ॅप सोपं आणि वेगवान वाटतं का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. सोपं पण हळू चालणारं अ‍ॅप वापरणाऱ्याने काय उत्तर द्यावं? पर्यायांत ‘१ ते ५’ आणि ‘५ ते १०’ असं लिहिलंत तर पाचवाला अडकतो.

फॉर्म पाठवण्याआधी पाच जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. वाचणारा जिथे अडखळेल तिथली वाक्यरचना बदला.

किती उत्तरं हवीत? ९५ टक्के खात्रीने टक्केवारीत जास्तीत जास्त ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर साधारण ३८५. ग्राहक ५० हजार असोत की ५ लाख, हा आकडा जवळपास तोच राहतो. दहापैकी एकच उत्तर देईल असं धरलंत तर ३,८५० जणांना पाठवावं लागेल, आणि ही नावं यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. फक्त रोज अ‍ॅप उघडणाऱ्यांना विचारलंत तर चित्र नको तेवढं गोड दिसतं. गेल्या दोन महिन्यांत अ‍ॅप सोडून गेलेल्यांना वेगळा, तीन प्रश्नांचा फॉर्म पाठवा. बहुतेक टीम हेच टाळतात, आणि सगळ्यात कामाची उत्तरं तिथेच असतात.

‘ओळखीच्यांना हे अ‍ॅप सुचवाल का?’ याला ० ते १० गुण मागायची पद्धत, म्हणजे एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर), व्यवसाय सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली मांडली. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ०-६ देणाऱ्यांची वजा करायची. २०० उत्तरांत ९० जणांनी ९-१० दिले आणि ५० जणांनी ०-६, तर ४५ वजा २५, म्हणजे २०. पण एवढ्या उत्तरांवर हा आकडा ११ने वर-खाली असू शकतो. पुढच्या तिमाहीत, तेवढ्याच उत्तरांवर, तो २६ झाला म्हणून पेढे वाटू नका.

त्यापेक्षा स्टार्टअपच्या मार्केटिंगमधले जाणकार शॉन एलिस यांचा प्रश्न जास्त कामाचा: ‘हे अ‍ॅप उद्यापासून बंद झालं तर कसं वाटेल?’ फार वाईट, थोडं वाईट, फरक पडणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत निदान दोनदा अ‍ॅप वापरलेल्यांनाच विचारा. ४० टक्के ‘फार वाईट’ म्हणाले तर पाया पक्का मानतात. सुपरह्यूमन या ईमेल कंपनीचा आकडा सुरुवातीला २२ टक्के होता. ‘फार वाईट’ म्हणणाऱ्यांना नेमकं काय आवडतं हे त्यांनी आधी शोधलं. मग ‘थोडं वाईट’वाल्यांपैकी ज्यांना तेच आवडतं, त्यांचं काय अडतंय ते पाहिलं. निम्मी मेहनत आवडत्या गोष्टीवर आणि निम्मी अडचणींवर लावून ते ५८ टक्क्यांवर पोहोचले.

शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा: ‘काय अडतं?’ टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून बोलून उत्तर देण्याची सोय द्या. रोमन लिपीतलं मराठीही चालू द्या, ‘udhari nond sapdat nahi’ हे उत्तर टाकून देऊ नका. सगळी उत्तरं दोघांनी वेगवेगळी वाचून गट पाडावेत, मग ताडून पाहावेत. जुळली नाहीत ती उत्तरं पुन्हा वाचायची. नंबर घेतला असेल तर कशासाठी ते फॉर्मवरच लिहा आणि काम झालं की तो पुसून टाका.