स्वयंसेवक म्हणून परदेशी जाताना: बस्तान बसेपर्यंतचे महिने

परदेशात स्वयंसेवेला निघालेल्या मुलामुलींची सगळी तयारी विमानात बसेपर्यंतची असते. जागा अवघड येते ती त्यानंतर: पहिल्या पंधरवड्यात कागदांची, पहिल्या महिन्यात भाषेची आणि दीड-दोन महिन्यांनी मनाची. या तिन्हींची तजवीज आधी करता येते.

सुरुवात लेखी करारापासून करा. आठवड्याला किती तास काम, सुट्ट्या किती, राहण्याजेवण्याचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाकडे, विमा कशाकशाला लागू आहे, आणि कामावरच्या प्रमुखाशीच पटलं नाही तर बोलायचं कोणाशी, हे त्यात स्पष्ट हवं. मापदंड म्हणून युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या तरुण स्वयंसेवकांसाठीच्या योजनेचे नियम नजरेसमोर ठेवा. तिथे १८ ते ३० वयाचे तरुण २ ते १२ महिने वैयक्तिक स्वयंसेवा करतात. काम आठवड्याला ३० ते ३८ तास, सलग दोन दिवस सुट्टी, शिवाय दर महिन्याला दोन दिवस रजा. राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो, आणि मार्गदर्शक म्हणून वेगळी व्यक्ती नेमलेली असते. तुमची संस्था या योजनेत नसली तरी हेच प्रश्न विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हिसाच्या बाबतीत एक गैरसमज फार महागात पडतो. पगार नाही म्हणजे पर्यटक व्हिसा चालेल, असं गृहीत धरलं जातं. अनेक देशांत बिनपगारी कामही कामच समजतात, आणि पकडलं गेलं तर परत पाठवतात. पासपोर्टची मुदत मुक्काम संपल्यावरही किमान सहा महिने शिल्लक असावी. विमानतळावर शिक्का बसला की काउंटरवरून हलण्याआधी तो वाचा. व्हिसा कधीपर्यंत वापरता येईल ती तारीख आणि किती दिवस राहता येईल तो आकडा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. व्हिसा वर्षाचा असून राहायची परवानगी ९० दिवसांचीच असू शकते. तारखेत दिवस आधी आहे की महिना, तेही बघा. ०५/०८ म्हणजे ऑगस्टची पाच की मेची आठ, यावरून मुदत चुकते. राहत्या पत्त्याची सरकारी नोंद करायची असेल तर तिला बहुधा थोड्याच दिवसांची मुदत असते, म्हणून ते काम पहिल्याच आठवड्यात उरका.

पैशांच्या बाबतीत सगळं अडतं ते ओटीपीवर. जुनं सिम बंद पडलं की बँक खातं असूनही हात बांधले जातात. निघण्याआधी रोमिंगवर एसएमएस येतो का ते विचारून घ्या, नाहीतर बँकेच्या अ‍ॅपमधून मंजुरी देण्याची सोय सुरू करून ठेवा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं न्या, पण एकाच पाकिटात ठेवू नका. परतीचं तिकीट आणि महिनाभराचा खर्च भागेल एवढी रक्कम बाजूला ठेवून तिला हात लावू नका. हे पैसे असले की वाईट जागेतून बाहेर पडता येतं.

लसीकरणासाठी सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे ते ऐनवेळी जमत नाही. रोजची औषधं मूळ वेष्टनातच न्या आणि चिठ्ठीवर घटकद्रव्याचं नाव लिहून घ्या, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. पाण्याची खात्री नसेल तर खळाखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या. २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. जुलाब लागले आणि ओआरएसची पाकिटं नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत आपला पत्ता स्थानिक भाषेत मोठ्याने म्हणायला शिका. आणीबाणीत फोन लागतो, पण पत्ता सांगता येत नाही.

कामावर सर्वात जास्त नुकसान मान डोलावण्याने होतं. सांगितलेलं निम्मंच कळलेलं असतं, पण पुन्हा विचारायचा संकोच वाटतो म्हणून आपण 'हो' म्हणतो. समोरचा निर्धास्त होतो आणि काम भलतंच होतं. उपाय साधा आहे: सूचना ऐकली की ती आपल्या शब्दांत परत सांगा, 'म्हणजे मी आधी हे करायचं, मग ते, बरोबर?' हे वाक्य आणि 'जरा हळू बोला', 'याला काय म्हणतात?', 'मला कळलं नाही' ही तीन, एवढी चार वाक्यं निघण्याआधीच पाठ असू द्या. पहिला महिना सुधारणा सुचवू नका. जी पद्धत वेडगळ वाटते तिच्यामागे बहुधा आपल्याला न दिसलेलं कारण असतं. मुलांचे फोटो मात्र पहिल्या दिवसापासून पालकांच्या आणि संस्थेच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

आता मनाचं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून परतलेल्या शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून, परक्या देशात रुळण्याचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो असं मांडलं: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. प्रत्येकाचा आलेख तसाच असतो असं नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. तरी नव्याची नवलाई ओसरल्यावर येणारा तो खड्डा बहुतेकांना लागतोच. काम रटाळ वाटतं, लोक तुसडे वाटतात, सुट्टीचा दिवस अंथरुणात आणि फोनवर जातो. घरी रोज तासन् तास बोलण्याने बरं वाटतं, पण पाय तिथे रुजत नाहीत. आठवड्यातले दोन वार ठरवा आणि त्याच वारी बोला. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच ठिकाणी जायचं असं काहीतरी धरा: वाचनालय, गाण्याचा गट, मैदान. ओळख गप्पांपेक्षा पुन्हा पुन्हा दिसण्याने होते, आणि भाषा कच्ची असताना तर हाच रस्ता सोपा. एक तरी ओळख स्वयंसेवकांच्या कंपूबाहेरची असू द्या.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण जाईना किंवा सकाळी उठवेना, तर ते घरच्या आठवणीवर ढकलू नका. मार्गदर्शकाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. मानसिक आरोग्याचा खर्च विम्यात बसतो का हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवलेलं असलं, तर त्या अवस्थेत कागद चाळत बसावं लागत नाही.