मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या स्त्रियांसाठी तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत अडखळत पोहोचू लागतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा आजार सुमारे दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. पूर्वी अशा रुग्णांना विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. आता मात्र बेताचा, नियमित व्यायाम सांगितला जातो. निंदण आणि कापसाची वेचणी करणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असे घरात हमखास विचारले जाते. परंतु वाकून केलेल्या त्या कामात तेच ते स्नायू थकतात, तोल सांभाळण्याचा सराव मात्र होत नाही.

विदर्भात व्यायामाच्या प्रकारापेक्षा त्याची वेळ अधिक महत्त्वाची ठरते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी काही रुग्णांची नजर अंधुक होते किंवा पाय जड पडतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये याचे वर्णन केले होते. हा त्रास तात्पुरता असतो आणि अंग गार झाल्यावर ओसरतो, पण नेमक्या त्याच वेळी पडण्याचा धोका वाढतो. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वीच व्यायाम उरकावा. आधी पंधरा मिनिटे मानेभोवती ओला दुपट्टा ठेवावा आणि कूलर किंवा पंख्यासमोर बसावे. पावसाळ्याच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही, तेव्हा पंखाच बरा. निर्जळी उपवासाच्या दिवशी व्यायाम टाळावा. लघवी वारंवार लागते म्हणून पाणी कमी पिण्याची सवय बऱ्याच स्त्रियांना असते. त्याने बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वाढतो, आणि संसर्गाच्या तापाने एमएसची लक्षणेही बळावतात.

सुरुवात बसून करावी. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, कारण बाज खोलगट असते आणि तिच्यावर पाठ सरळ राहत नाही. साडीचा घोळ घोट्याच्या वर खोचून घ्यावा. पाऊल वर-खाली करणे, गुडघा सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत धरणे आणि बसल्या जागी आळीपाळीने पाय उचलणे, हे प्रत्येकी पाच ते आठ वेळा करावे. पोटरी ताठरत असेल तर तळव्याखालून पंचा घालून पाऊल आपल्याकडे हळूहळू ओढावे आणि तीस सेकंद तसेच धरावे. हिसका दिल्यास ताठरपणा उलट वाढतो. त्यानंतर पावले थोडी मागे घेऊन, छाती पुढे झुकवून खुर्चीवरून उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे. जेवणाच्या पंगतीतून उठणे किंवा बसमध्ये चढणे याच ताकदीवर अवलंबून असते, त्यामुळे एवढा एकच व्यायाम जमला तरी तो सोडू नये.

उभ्याचे व्यायाम खोलीच्या कोपऱ्यात करावेत. पाठीमागे दोन भिंती, समोर जड खुर्ची आणि अशक्त बाजूला घरातील एखादी व्यक्ती असावी. तिने दंड ओढून धरू नये, हात फक्त जवळ ठेवावा. प्रथम पावले खांद्याइतकी फाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा. ते स्थिर जमले की पावले जुळवून दहा सेकंद उभे राहावे, आणि काही आठवड्यांनी एक पाऊल अर्धे पुढे ठेवून तसेच करावे. डोळे मिटण्याचा प्रयोग फिजिओथेरपिस्टसमोरच करावा. तळव्यांची संवेदना कमी झालेली बाई बरीचशी नजरेच्या आधाराने उभी असते, म्हणून रात्री वीज गेल्यावर न्हाणीकडे जाताना ती पडते. उशाशी टॉर्च ठेवावी. बधिर पायांना चटका कळत नाही, त्यामुळे तापलेल्या अंगणात अनवाणी जाऊ नये. सैल स्लीपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी.

एकूण दहा मिनिटे पुरेत, तीही दोन वेळांत विभागून. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थकवा राहिला तर प्रमाण निम्मे करावे. सारवण, धुणे किंवा बाजार यांचा दिवस असेल तर व्यायाम आधी करावा, उरलेल्या ताकदीवर ढकलू नये.

मूळ आराखडा एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावा. नागपूर आणि सेवाग्राम येथील मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. ताप किंवा संसर्ग नसताना नवीन अशक्तपणा, बधिरता किंवा दृष्टीदोष चोवीस तासांहून अधिक टिकला, तर व्यायाम थांबवून मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आजार उसळण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या काळात सासर-माहेर दोन्हीकडच्या मंडळींनी या खुणांवर लक्ष ठेवावे.