आधी छप्पर, मग खोल्या: गोव्याच्या पावसात टिकणारं घर

नकाशा काढायला बसलं की आपण खोल्या मोजू लागतो. गोव्यात सुरुवात छपरापासून करावी. वर्षाला सुमारे 3,000 मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा. उतरतं छप्पर, रुंद वळचण आणि मधलं राजांगण, म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण, ही जुन्या घरांनी त्यावर काढलेली तोड. नव्या बांधकामात त्यांचं नुसतं रूप उचललं जातं: सपाट स्लॅब, कडेला शोभेची कौलं, दारात तीन फुटांचा बलकांव, म्हणजे गोव्याच्या घराचा बसायचा दर्शनी सोपा. मग स्लॅब गळू लागतो आणि त्यावर पत्रे चढतात.

मंगळुरी कौलांना उतार किमान 30 अंश ठेवा, म्हणजे आडव्या फुटामागे 7 इंच चढ. उतार कमी पडला की वारा सांध्यांतून पाणी उलटं वर ढकलतो. माकडं आणि नारळ यांच्या धास्तीने खाली स्लॅब हवाच असेल, तर तो तिरका घाला, पण कौलं सिमेंटच्या मसाल्यात बसवू नका. मसाल्यात मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि तापलेलं कौल थेट स्लॅबला तापवतं. स्लॅबला वॉटरप्रूफिंग करून आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारा, त्यांवर कौलं अडकवायच्या आडव्या रिपा, त्यांवर कौलं. उभ्या पट्ट्या गाळल्या तर प्रत्येक रीप बांधासारखी पाणी अडवते, ही चूक फार होते. मध्ये 2 इंच पोकळी राहू द्या; खाली वळचणीला आणि वर कोन्याखाली, म्हणजे माथ्यावरच्या कौलांखाली, जाळी लावून ती उघडी ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्यांपैकी 11 कौलं एकमेकांत अडकवून जमिनीवर मांडा. पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत दोनदा मोजा, एकदा घट्ट सरकवून, एकदा ताणून. दोन्ही मापांची बेरीज भागिले 20, तेच अंतर.

वळचण किती? 21 डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून साधारण 51 अंशांवर असतो. दक्षिणेच्या 4 फूट उंच खिडकीवर सावली धरायला, वळचण खिडकीच्या माथ्याशी असेल, तर सव्वातीन फूट पुरते. पश्चिमेचा कलता सूर्य मात्र वळचणीला जुमानत नाही. तिकडे 7-8 फुटांची पडवी किंवा झाडंच हवीत.

खाणीतून नुकता निघालेला चिरा (जांभा दगड) ओला आणि मऊ असतो, हवेवर तो कडक होतो. म्हणून वाळू द्या, पांढऱ्या मातीचे खिसे असलेला बाजूला काढा. उघडा चिरा वळचणीच्या आडोशालाच शोभतो. त्यावर चकचकीत वार्निश मारलं की आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चौथरा 2 फूट उचला, त्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर विसरू नका. समुद्राजवळच्या उघड्या काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम30 ताकदीचा दर्जा आणि सळीवर 45 मिलीमीटर काँक्रीटचं कव्हर हवं.

राजांगणाची चूक दोन ठिकाणी होते. एक, निचरा. 10 बाय 10 फुटांच्या उघड्या जागेत पडणारं पाणी थोडंच. आतल्या बाजूच्या चारही उतारांचं तिथेच येतं. सगळं मिळून 70 चौरस मीटर असेल, तर तासाला 100 मिलीमीटरच्या सरीत 7,000 लिटर. एक 4 इंची पाइप ते वाहून नेतो, पण पानांनी तुंबला की पाणी घरात शिरतं. म्हणून दोन स्वतंत्र पाइप, आणि अंगण पडवीपेक्षा 6 इंच खाली. दुसरी चूक म्हणजे वर काच बसवून ते बंद करणं. मग त्याची भट्टी होते. झाकायचंच असेल तर झाकण दीड-दोन फूट उचला, उघडीपेक्षा चारही बाजूंनी मोठं करा, बाजू मोकळ्या ठेवा.

कौलं घेताना त्याच साच्यातली 50 जास्त घेऊन ठेवा. दुसऱ्या साच्याचं कौल नीट अडकत नाही, आणि आगोटीच्या आधी दर मे महिन्यात दोन-चार बदलावी लागतातच.